खिशातला अंगठा

ज्याच्यावर विश्वास ठेवावा असे नाते सांगते, त्याच्यावरच पाळत ठेवावी असे सचोटी सांगू लागली, म्हणजे सज्जन माणसाची फार कुचंबणा होते. परदेशातल्या एका मैदानावर, कसोटी सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, तात्यांवर असाच प्रसंग ओढवला.

तात्या हे आपल्या क्लबाचे जुने गुणलेखक. चाळीस वर्षे त्यांनी चेंडूगणिक नोंदी केल्या. क्लबाने लॅपटॉप आणल्यापासून, म्हणजे गेली दोन वर्षे, त्यांना बोलावणे येत नव्हते. परदेशात बसून एक कसोटी स्वहस्ते लिहावी ही त्यांची जन्माची आस होती. लेकीने ती पुरी केली आणि सोबतीला आपल्या नवऱ्याला धाडले.

संशयाचा उगम सकाळी लॉजच्या खोलीत झाला. तात्या पेन्सिलींना टोक करीत होते. न्हाणीघराचे दार अर्धवट लोटून जावई फोनवर कुजबुजत होता, "काल सात निसटले गं. आज एकही सोडत नाही. बाबांना कळता कामा नये, बस्स."

तात्यांच्या पेन्सिलीचे टोक तुटले.

मैदानाच्या प्रवेशद्वाराशी सूचना लावली होती: चेंडूगणिक वार्ता बाहेर पुरवणाऱ्यास पोलिसांच्या स्वाधीन केले जाईल. टीव्हीवरचे चित्र काही क्षण मागे असते आणि सट्टेबाज त्या क्षणांवरच जगतात, हे तात्या जाणून होते. 'सात निसटले', म्हणजे सात चेंडूंची खबर पोचवायची राहिली, असा अर्थ त्यांना आता लागला.

ते जाग्यावर बसून तिरप्या नजरेने पाहू लागले. जावयाचा डावा हात पँटच्या खिशात होता. चेंडू पडला की खिशातला अंगठा हले. चौकार असो वा निर्धाव, अंगठा हलेच. एक वाइड पडला, तेव्हा मात्र तो निश्चल राहिला. वाइडची खूण निराळी असणार, तात्यांनी ताडले. गडी चांगलाच मुरलेला दिसतो!

शिवाय मधूनच तो साळसूदपणे विचारी, "बाबा, आत्ताच्या चेंडूवर काय झालं हो? माझं लक्षच नव्हतं."

लक्ष नव्हते! डोळे तर खेळपट्टीला चिकटलेले. "एक धाव," तात्या धावफलक पाहून तुटकपणे सांगत. मग पुस्तिकेत पाहावे, तर तो चेंडू लिहायचाच राहिलेला. याच्या चौकशांनी आपल्या नोंदीही बिघडतात, म्हणून ते अधिकच धुमसत.

मागच्या रांगेत एक प्रवासी चाहता होता. त्याच्या आवाजामुळे सारे त्याला भोंगा म्हणत. "काका, एवढा मोठा फलक टांगलाय की समोर! कशाला बोटं झिजवताय?"

"फलक चुकला तर?"

"मग पंचांना वर बोलवा. कान आम्ही धरतो!"

सगळे हसले. जावईही हसला, पण हात काही खिशातून निघाला नाही.

बोलावे, तर लेकीच्या संसाराला काळिमा. गप्प राहावे, तर चाळीस वर्षांचा प्रामाणिकपणा पाण्यात. चहापानाला जावई कप आणायला गेला, तेव्हा तात्या जड पावलांनी जिन्यावरच्या रक्षकाकडे गेले आणि मोडक्यातोडक्या परभाषेत सारे सांगून परतले.

चहा घेऊन परतलेल्या जावयाचा डावा हात पुन्हा खिशात गेला, तोच रक्षक आला. "डावा हात बाहेर काढा. मूठ उघडा."

जावयाने कप खाली ठेवला. तो कानापर्यंत लाल झाला होता. मूठ उघडली. आत फोन नव्हता. पंच हातात धरतात ते चेंडू मोजायचे चिमुकले यंत्र होते.

"एवढंच होय? या गृहस्थांनी सांगितलं, म्हणून आलो." रक्षक हसत निघून गेला.

"जावयाला पकडून देणारा सासरा! हे बघायचं राहिलं होतं," भोंगा म्हणाला. या वेळी कोणी हसले नाही.

तात्यांनी यंत्राकडे बोट दाखवले. "हे... कशाला?"

जावयाने आवाज उतरवला. "बाबा, लॅपटॉपचं निमित्त होतं. तुमच्या वहीत पाच चेंडूंतच ओव्हर संपायला लागल्या होत्या. क्लबवाल्यांनी हिला सांगितलं, तुम्हाला सांगायची कुणाची छाती झाली नाही. ही म्हणाली, तू मोजत राहा. वहीत चेंडू राहिलेला दिसला की काहीतरी विचार, बाबा आपणच लिहितील. काल मलाच जमत नव्हतं, म्हणून सात निसटले."

वाइड षटकात मोजत नाहीत, हे क्लबाच्या माळ्यालाही ठाऊक असते. चाळीस वर्षांच्या गुणलेखकाला ते संशयाच्या भरात सुचले नव्हते. तात्यांनी कालची पाने उलटली. पाच. सहा. पुन्हा पाच. चष्मा काढून त्यांनी डोळे टिपले.

"मी तुम्हाला पोलिसांत देत होतो, जावईबापू."

"आणि मी दोन दिवस तुम्हाला फसवत होतो. हिला मात्र यातलं काही सांगू नका. दोघांचीही धडगत नाही."

खेळाडू मैदानात उतरत होते. तात्यांनी नवे पान काढले. "आता ते यंत्र खिशात नको. हातात धरा. आणि मोठ्यानं मोजा, मला ऐकू येईल असं."

गोलंदाज धावत आला.

"एक," जावई म्हणाला.

"एक," तात्या म्हणाले आणि त्यांनी लिहिले.

लिहिणाऱ्याच्या हाताला बळ मिळो, मोजणाऱ्याच्या मनातला संकोच सरो. आणि दूर घरी या दोघांची काळजी वाहणाऱ्या त्या लेकीचे सदैव कल्याण असो.