जल्लादाचा शेवटचा पाहुणा

मी एक जुनी, भोसकलेली कादंबरी आहे. हसू नका, मित्रांनो. माझ्या पोटातून आरपार एक भोक गेले आहे. त्याला डोळा लावला तर पलीकडचा उजेड दिसतो. माझे शेवटचे प्रकरण फाडून डांबराच्या चुलीत घातले गेले. मधल्या पानांवर एका सभ्य माणसाच्या तोंडातले रक्त वाळले आहे. काही लोक म्हणतात, मी फार विनोदी आहे. काही म्हणतात, माझ्यात हसण्यासारखे काहीच नाही. या दोन मतांपायीच माझी ही दशा झाली.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. माणसाच्या बाळाला जन्मल्यावर अंघोळ घालतात. मला आधी पाठीत सुया खुपसून शिवले आणि मग जाड पात्याखाली ठेवून उरलेल्या तिन्ही बाजूंनी छाटले. माझे नाव 'जल्लादाच्या घरी चहा'. एक जल्लाद म्हातारपणी नोकरी सोडून घरी बसतो आणि त्याने फासावर चढवलेली माणसे एकेक करून त्याच्या दारात तक्रार घेऊन येतात, अशी माझी गोष्ट. एकाची गाठ वाकडी बसलेली असते. एकीला दोर खरखरीत लागलेला असतो. एकाची मान इतकी लांबलेली असते की त्याला कुठलाच सदरा होत नाही. जल्लादाची बायको प्रत्येकाला खुर्ची देते, चहा देते आणि चहा मानेच्या भेगेतून गळू लागला की खाली बशी धरते.

व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणतात, ते मी अंगावर सोसले आहे. पहिल्याच घरात सासऱ्यांनी मला वाचून पोट धरले आणि जावयाने भिंतीवर आपटले. माझा कणा तिथे पहिल्यांदा मोडला. पुढे कुणी मला उशाशी ठेवले, कुणी चिमट्यात धरून घराबाहेर टाकले. शेवटी मी रद्दीत गेले आणि तिथून मला चष्मा नावाच्या माणसाने उचलले. त्याचे खरे नाव दुसरे काही असेल. पण दोरखान्यात सगळे त्याला चष्माच म्हणत.

दोरखाना म्हणजे एक लांबच लांब दालन. एका टोकाला बायका लोखंडी फण्यांवर वाख, म्हणजे दोराचे कच्चे तंतू, विंचरायच्या. दुसऱ्या टोकाला पुरुष उलट्या पावलांनी मागे सरकत दोर वळायचे. मधोमध डांबराची कढई रटरटत असायची. काम हातांचे, कान मोकळे. म्हणून चष्मा उंच स्टुलावर बसून सर्वांना पुस्तक वाचून दाखवायचा. तोच त्याचा धंदा होता. एखाद्या पुस्तकावरून वाद झाला, की हात वर करून मते घेत. पुस्तक हरले, तर त्याची पाने फाडून डांबर लावलेल्या दोरांच्या टोकांना गुंडाळत. मी आले त्या दिवशी एक प्रवासवर्णन गुंडाळले जात होते. मला दरदरून घाम फुटला.

विंचरणाऱ्या बायकांत एक होती, तिला सगळे वहिनी म्हणत. तिचा नवरा इथेच कामाला होता. तयार झालेला दोर अंगणातल्या चाकावर ताणून बघतात, तसा बघत असताना एक दोर तुटला. मित्रांनो, ताणलेला दोर तुटला की मुकाट्याने खाली पडत नाही, चाबकासारखा परत येतो. तो त्याच्या गळ्यावर बसला. माणूस जागच्या जागी गेला. तो दोर वळला होता त्याच्याच धाकट्या भावाने, म्हणजे वहिनीच्या दिराने. त्याच्यासारखा पीळ घालणारा दालनात दुसरा नव्हता. दोर चांगलाच होता, असे तो सगळ्यांना सांगायचा. वहिनी ऐकून घ्यायची. दोघे एकाच घरात राहायचे आणि कामापुरते बोलायचे. नवरा गेल्यापासून वहिनीला कुणी हसताना पाहिले नव्हते.

चष्म्याने लांब मानेच्या माणसाची तक्रार वाचली, तेव्हा वहिनीच्या नाकातून एक फुसकारा निघाला. मग दुसरा. मग ती इतकी हसली की हातातला वाख खाली पडला आणि शेजारणीला तिची पाठ चोळावी लागली. मला काय वाटले म्हणून सांगू! पण दालनाच्या दुसऱ्या टोकाला दिराच्या हातून दोर सुटला. त्याचा सगळा पीळ भिंतीपर्यंत सरसरत उलगडत गेला.

त्या दिवसापासून दालनाचे दोन तट पडले.

"मेलेल्यांची थट्टा करू नये. घरात पोरं झोपेत किंचाळतात," दोर वळणारे म्हणायचे.

"तुमची पोरं तुमची तोंडं बघून किंचाळत असतील," विंचरणाऱ्या बायका म्हणायच्या.

"आम्ही दिवसभर दोर वळून हाताची सालटी काढायची आणि या लेखकाने दोरावर विनोद करायचे?"

रोज एक प्रकरण वाचले जायचे आणि रोज भांडण पुढे सरकायचे. आधी शब्द उडाले, मग लाकडी रिळे. एकाचा कान फाटला. दोन मेहुण्यांनी एकमेकांच्या नरडीला हात घातला. चष्म्याच्या स्टुलाचा पाय कुणीतरी करवतून ठेवला आणि तो माझ्यासकट खाली आदळला. मी बिचारी हसवायला निघाले होते.

फक्त शेवटचे प्रकरण वाचायचे उरले, तेव्हा सुट्टीच्या दिवशी दिराने मला गुपचूप घरी नेले. त्याने खोलीचे दार लावून माझा शेवट वाचला, पुन्हा वाचला आणि मला उशाखाली दडपून आढ्याकडे बघत पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने दालनात आरोळी ठोकली, "शेवट वाचायच्या आधी मतं घ्या. हे पुस्तक इथे नको."

हात वर झाले, मोजले गेले. दोन्ही बाजू सारख्या भरल्या. फक्त वहिनीचा हात राहिला होता.

"शेवट ऐकल्याशिवाय मी काही सांगणार नाही," ती म्हणाली. "वाचा हो."

चष्म्याने मला उघडले मात्र, दिराने मला त्याच्या हातातून हिसकावले, टेबलावर आपटले आणि दोराची टोके शिवायचे जाड दाभण माझ्या पोटात खुपसले. ते पार लाकडात रुतले. चष्मा मध्ये पडला, त्याच्या तोंडावर कोपर बसले, डोळ्यांवरचा चष्मा फुटला आणि दातही गेला. मग सगळ्यांनाच चेव चढला. फण्या, रिळे, पट्टे, जे हाताला लागेल ते डोक्यात बसत होते. त्या गदारोळात दिराने माझे शेवटचे प्रकरण मुठीत धरून उपटले आणि कढईखालच्या जाळात फेकले. माझाच शेवट जळताना मी पाहिला.

वहिनी तेवढी जागेवरून हलली नव्हती. जाळ खाली बसल्यावर ती उठली. तिला वाट देत लोक थांबले.

"भावोजी," ती म्हणाली, "पुस्तक काल तुमच्या उशाखाली होतं. तुम्ही शेवट वाचलाय. सांगा."

"जळला तो, वहिनी."

"म्हणूनच सांगा."

दिराच्या भुवईतून रक्त ओघळत होते. ते त्याने पुसले नाही.

"शेवटचा येतो, तो फाशी दिलेला नसतो," तो म्हणाला. "दोर तुटून मेलेला असतो. तो आत येत नाही. दारातूनच म्हणतो, आतल्या पिळात कुजका वाख होता. वळताना तुझ्या हाताला लागला होता. पण तुला घरी जायची घाई होती. तू तसाच वळलास."

वहिनी त्याच्या आणखी जवळ गेली.

"मग जल्लाद काय म्हणतो?"

"म्हणतो, हो."

"आणि त्याची बायको?"

"ती या वेळी चहा देत नाही."

वहिनीने शेजारची लोखंडी फणी उचलली आणि त्याच्या खांद्यात हाणली. तो मागे सरला नाही. तिने पुन्हा हाणली, तेव्हा दाते मांसात रुतले आणि फणी तिच्या हातून सुटली. ती तिथेच जमिनीवर बसली आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली. रडता रडताच तिने हात वर केला.

"ठेवा ते पुस्तक," ती म्हणाली.

माझा जीव वाचला. पण मित्रांनो, त्याने सांगितलेली ती कुजक्या वाखाची तक्रार माझ्यात कुठेच छापलेली नव्हती.

पुढे दिराने वळायचे काम सोडले. वाखाच्या ढिगाशी बसून तो प्रत्येक जुडी उसवतो, हुंगतो आणि कुजकी दिसली की बाजूला फेकतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे म्हणत काही जण त्याच्याशी बोलेनासे झाले. वहिनी आधी कामापुरते तरी बोलायची, आता तेही थांबले.

बऱ्याच दिवसांनी चष्म्याला बाजारात माझी दुसरी, धडधाकट प्रत मिळाली. त्याने हौसेने तिचा शेवट वाचून दाखवला. त्यात शेवटचा पाहुणा येतो, तो खरोखरच दोर तुटून मेलेला असतो. जल्लाद थरथरत विचारतो, तुझी काय तक्रार आहे? पाहुणा म्हणतो, "छे छे, तक्रार कसली? दोर काय, तुटायचाच. तुमच्याकडे चहा चांगला मिळतो असं ऐकलं, म्हणून आलो."

कुणीच हसले नाही. "हा शेवट खोटा आहे," एक म्हातारा दोरवळ्या म्हणाला. "आपल्या पुस्तकात असा नाही." मते घेतली गेली आणि माझी ती गोरीगोमटी बहीण त्याच दिवशी दोरांच्या टोकांना गुंडाळली गेली. एवढ्या एकाच गोष्टीवर सगळ्या दालनाचे एकमत झाले.

वहिनीने मात्र पाने फाडण्याआधी चष्म्याला तेवढे वाक्य पुन्हा वाचायला लावले. मग तिने वाखाच्या ढिगाशी बसलेल्या दिराकडे पाहिले. पुस्तकाने तर त्याला सोडूनच दिले होते; कबुली त्याची स्वतःची होती. मधल्या सुट्टीत तिने दोन कप भरले. एक स्वतःच्या जागी ठेवला. दुसरा दिरापुढे नेऊन ठेवला, त्याखाली बशी सरकवली आणि आपल्या जागी परत आली.

मित्रांनो, मी आता फळीवर असते, भोकासकट. कुणी मला मांडीवर घेऊन हसते, कुणी नाक मुरडून मिटते. दोघेही माझेच. पुस्तक आवडले नाही तर भांडा, पण त्याला आपटू नका, भोसकू नका, त्याची पाने फाडू नका. आणि कुणी फाडलेच, तर त्याला मारण्याआधी विचारा, त्या पानावर काय लिहिले होते.