तुरीएवढा मणी

हुमनाबादच्या डाळमिलमध्ये अंबाजी मिस्त्रीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तूर आधी चाळणीवर यायची. वर काड्या राहायच्या, खाली माती गळायची. पुढे चुंबक खिळे ओढून घ्यायचं. त्यापुढची मशीन जड खडे वेगळे काढून डब्यात टाकायची आणि मग भरडणी. वीस वर्षं त्यानं हेच केलं होतं.

त्या दिवशी दुपारी तूर लोटताना कमलबाईच्या डोरल्याचा धागा तुटला. काळे मणी सापडले. तुरीएवढा सोन्याचा मणी मात्र ढिगाबरोबर मशीनमध्ये गेला.

"अण्णा, जरा मशीन थांबवा की!"

बाहेर लॉरी उभी, मालकाचा दर दहा मिनिटांनी फोन. अंबाजीनं चुंबक पुसून सगळ्या बायकांना दाखवलं. "बघा, खिळेच हायेत. सोनं असतं तर ह्याला चिकटलं नसतं का? अक्का, काम चुकवायला निमित्त कामून करायलीस?"

बायका खो खो हसल्या. कमलबाई लाल झाली आणि पुन्हा तूर लोटू लागली.

लॉरी गेली. पण अंबाजीला चहा गोड लागेना. सगळ्या बायका हात धुवायला गेल्यावर त्यानं खड्यांचा डबा पालथा केला, बोटांनी चिवडला. मणी तिथंच होता. त्याला स्वतःचीच किळस आली.

त्यानं कमलबाईला आडोशाला बोलावून मणी पुढे केला. तिनं हात पुढे केला नाही.

"सगळ्यांदेखत खोटी म्हणलाव. सगळ्यांदेखतच द्या."

बायका डबे आवरून निघाल्या होत्या. अंबाजीनं त्यांना थांबवलं.

"कमलअक्काचा मणी खड्यात घावला. ती खरं बोलली. चुंबकाला सोनं चिकटत न्हाई, हे मला म्हाईत नव्हतं. चुकलं माझं."

"असू द्या अण्णा, माणूस हाय, चुकतंय," एकजण म्हणाली. बाकीच्यांनीही माना हलवल्या. किती पटकन माफ केलं त्यांनी! अंबाजीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

कमलबाईनं मणी घेतला, पदराच्या गाठीत बांधला आणि त्याच्याकडे पाहिलं.

"वीस वर्सं तुम्ही मशीनवर हाव. आजच कळलं व्हय?"

तिच्याकडे बघणं त्याला जमलं नाही.

"न्हाई," तो म्हणाला. "दुपारीबी म्हाईत होतं."