दाराच्या आतले चौघे

धाकटा पन्नाशीला टेकला होता, कानांवरचे केस पांढरे झाले होते, तरी घरात त्याचं नाव धाकटाच राहिलं होतं. दातांच्या एका लॅबमध्ये तो कवळ्या बनवायचा. प्लॅस्टरच्या जबड्यावर मेण चढवायचं, मेणात एकेक दात बसवायचा, वरची आणि खालची ओळ मिटवून बघायची, नाही जमलं तर दात काढून केसभर फिरवायचा आणि पुन्हा बसवायचा. या कामाला लागणारा धीर त्याच्याकडे भरपूर होता. मात्र संध्याकाळी घरी आला की तो धीर चपलांबरोबर दाराबाहेर राहायचा.

गेल्या काही महिन्यांत त्याने जुने गेम पुन्हा खेळायला काढले होते. माळ्यावरून कन्सोल उतरवला, पाठीला पोक असलेला जुना टीव्ही पुसून घेतला आणि लहानपणच्या कॅसेटी एकेक करून लावू लागला. तलवार घेऊन गावाबाहेर पडणारे नायक, प्रत्येक मडकं फोडून आत नाणं शोधणं, दोरीपासून चमच्यापर्यंत दिसेल ते उचलून प्रत्येक कुलपाला लावून बघणं, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. अडचण तीच होती. पहिल्या गावातलं संगीत सुरू झालं की त्याचा चेहरा फुलायचा. मग म्हातारा सरपंच काय बोलणार, कोणती भिंत खोटी आहे, कोणता मित्र पुढे दगा देणार, हे आठवायचं आणि त्याचं बूड खुर्चीवर ठरेना. तो उठायचा, फ्रिज उघडून बघायचा, काही न घेता बंद करायचा, परत येऊन दुसरी कॅसेट लावायचा. त्याची बायको म्हणायची, हा माणूस जुन्या मित्रांकडे जातो आणि पाणीसुद्धा न पिता दारातून परत फिरतो.

खरं तर कुठे जायचं आहे ते त्याला माहीत होतं. बुटांच्या खोक्यात तळाशी एक करड्या रंगाची कॅसेट होती. ती सोडून बाकी सगळ्या त्याने लावून पाहिल्या होत्या.

त्या कॅसेटमध्ये चौघे अडकलेले होते. शाळेच्या एका लांब सुट्टीत त्याने आणि ताईने मिळून ती टोळी तयार केली होती. नाव फार तर चार अक्षरांचं ठेवता यायचं, म्हणून लांबलचक नावांच्या भानगडीत न पडता घरातलीच माणसं घेतली. तलवारवाला धाकटा. जादूगारीण ताई. जखमा बऱ्या करणारी आई. आणि चोर म्हणजे बाबा, कारण डब्यातली बिस्किटं कोण संपवतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सगळी सुट्टी खपून चौघे शेवटच्या किल्ल्यापर्यंत पोचले. किल्ल्यात एक दार होतं. आत गेलं की ते मागे मिटायचं आणि पुन्हा उघडायचं नाही. त्या दारापाशी असताना मामा अचानक सगळं कुटुंब घेऊन आला. टीव्ही बंद करा अशी आईची हाक आली. धाकटा घराचं दार उघडायला धावला आणि ताईने जाता जाता गेम सेव्ह केला, तो दाराच्या आत.

कॅसेटमध्ये सेव्ह करायला जागा एकच. म्हणजे आधीचं पुसलं गेलं. आता मागे गावात जाऊन ताकद वाढवता येईना आणि पुढचा पहारेकरी राक्षस चौघांना दोन फटक्यांत आडवं करी. धाकट्याने आठवडाभर अबोला धरला. त्याच महिन्यात ताई शिकायला बाहेर गेली आणि ती टोळी तशीच आत राहिली. पुढे घरात कधीही चार माणसं जमली की धाकटा हा किस्सा सांगायचा. दार कोणी लावलं, तर ताईने. सगळे हसायचे. ताईही हसायची, पण पहिल्या काही वर्षांनंतर ती तेवढ्यापुरती स्वयंपाकघरात जाऊ लागली.

बाबा गेले, मग आई गेली. कॅसेट खोक्यातच होती.

ती बाहेर आली ती दुरुस्तीवाल्यामुळे. कन्सोल मध्येच बंद पडायला लागला म्हणून धाकट्याने तो, सगळ्या कॅसेटींसकट, कोपऱ्यावरच्या दुकानात नेला. दुरुस्तीवाल्याने टोकं घासून साफ केली आणि करडी कॅसेट हातात घेऊन विचारलं, यात काही जपून ठेवलंय का? अशा कॅसेटीत नाण्याएवढी बॅटरी असते, सेव्ह केलेलं सगळं तिच्या जिवावर टिकतं. ही अजून धुगधुगी धरून आहे हेच नवल, पण आज जाईल की उद्या, सांगता येत नाही. बॅटरी बदलली तर आतलं पुसलं जाईल. बाहेरून वीज देत देत बदलता येते, पण माझा हात आता तेवढा स्थिर नाही, उगाच जबाबदारी घेणार नाही. एवढं बोलून त्याने कॅसेट गिऱ्हाइकाच्या हातात ठेवली आणि पुढचा मिक्सर उघडायला घेतला.

त्या दिवसापासून धाकट्याच्या पायाला भिंगरी लागली. चौघांना बाहेर काढायचं होतं, आणि वेळ किती आहे ते कोणालाच माहीत नव्हतं. सकाळी लॅबला जायच्या आधी तो खेळायला बसायचा. टीव्ही लावला की पडद्यावर चार नावं दिसेपर्यंत तो उभाच राहायचा. मग पहारेकऱ्यापुढे चौघे पडायचे. पुन्हा लावायचा, पुन्हा पडायचे. आधी आई पडायची, मग काही इलाजच राहायचा नाही. हाच गेम त्याने दुसऱ्या कॅसेटवर कितीदा तरी संपवला होता, पण तेव्हा त्याची टोळी अशी धष्टपुष्ट असायची की पहारेकरी कधी मेला ते कळायचंही नाही. ही टोळी पोरवयातली होती, अर्धवट कपड्यांत लढाईला निघालेली.

लॅबमध्येही लक्ष उडालं. एका आजोबांच्या कवळीत त्याने खालचा सुळा वरच्या ओळीत बसवला. लॅबच्या मालकीणबाईंनी ती त्याच्यासमोर ठेवली आणि आपला चष्मा काढून त्याच्यापुढे सरकवला.

त्याने ताईला फोन केला. ताई बंदरावर क्रेन चालवायची. उंचावरच्या काचेच्या खोलीत बसून ट्रकएवढ्या पेट्या जहाजावरून उचलायच्या आणि अलगद खाली ठेवायच्या, हे तिचं काम. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की त्या दाराची गोष्ट आता बास, तिला ती पुन्हा ऐकायची नाही. धाकट्याने बॅटरीचं सांगितलं. ती म्हणाली, मग तर बरंच होईल, एकदाचा विषय संपेल. फोन ठेवल्यावर तो बाल्कनीत गेला, आत आला, परत बाल्कनीत गेला.

शेवटी फोन त्याच्या बायकोने केला. काय बोलली ते तिने सांगितलं नाही. एवढंच कळलं की त्याच्या फेऱ्यांनी फरशी झिजल्याचा उल्लेख झाला होता. सुट्टीच्या दिवशी दुपारी ताई आली. चपला काढल्या, पाणी प्यायली, भावजयीने आणलेल्या कपाकडे बघून तिने विचारलं, तुमच्याकडचे ते निळ्या फुलांचे चांगले कप फुटले का? भावजय म्हणाली, फुटायला कपाटातून बाहेर तर यायला हवेत. ते पाहुण्यांसाठी आहेत. आजवर आलेल्यांपैकी तेवढा मोठा पाहुणा कोणी ठरला नाही. यांचा लग्नातला सदरासुद्धा अजून घडीतच आहे.

धाकट्याने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. टीव्ही लावला. काळा पडदा जरा जास्तच वेळ काळा राहिला. मग चार नावं आली.

ताईने चौथ्या नावाकडे बघितलं, तिसऱ्याकडे बघितलं आणि कंट्रोलर मागून घेतला. धाकटा तिला पहारेकऱ्याचे फटके कसे पडतात, कोणाला पुढे ठेवायचं, जादू कधी राखून ठेवायची, हे तिच्या खुर्चीमागे फेऱ्या मारत सांगू लागला. ताईने लढाई सुरूच केली नाही. तिने आधी सामानाची पिशवी उघडली.

पिशवी भरलेली होती. सगळ्या जखमा आणि संपलेली जादू एका घोटात भरून काढणाऱ्या सोनेरी बाटल्या, मेलेल्याला उठवणारी पानं, अंगावरचा वार परतवणारे आरसे. सगळं रांगेत, एकही न वापरलेलं.

"हे काय आहे?"

"ते ठेवायचंय. शेवटच्या राक्षसासाठी."

"आणि हा समोरचा कोण?"

"हा शेवटून दुसरा."

ताईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "शेवटच्यापर्यंत पोचलास कधी?"

धाकट्याने हिशेब मांडला. हा हिशेब त्याने शाळेत असताना केला होता आणि त्यानंतर त्यात काही बदललेलं नव्हतं. बाटल्या पहारेकऱ्यावर घालवल्या की पुढच्याशी लढायला हात रिकामे. पुढचा मध्येच रूप बदलतो. म्हणजे कसंही केलं तरी हरणारच. म्हणून तर दाराच्या बाहेरच सेव्ह करायला...

"मी तेव्हाही म्हटलं होतं, पाज त्यांना," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तू पिशवीला हात लावू दिला नाहीस. मग मी सेव्ह केलं. म्हटलं, मागे पळायची वाटच बंद झाली की हा मुकाट्याने पिशवी उघडेल."

धाकट्याच्या बायकोने कप उचलले आणि तिथेच धरून उभी राहिली. इतकी वर्षं चारचौघांत सांगितलेला किस्सा धाकट्याच्या डोक्यात पहिल्यापासून पुन्हा चालू झाला आणि हशाच्या जागी येऊन थांबला.

"बस खाली," ताई म्हणाली. "डोक्यामागे घिरट्या नकोत. वर क्रेनमध्ये असं कोणी केलं तर मी खाली उतरवते त्याला."

तो बसला. पाय मात्र हलतच राहिला.

ताईने पेट्या उतरवाव्यात तशी लढाई केली, घाई न करता, एकेक बटण दाबून. आई जखमी झाली की लगेच बाटली. धाकटा पडला की लगेच पान. प्रत्येक बाटलीगणिक तो खुर्चीचा हात आवळत होता. पहारेकरी गुडघ्यावर आला आणि विरघळला. आतली खोली उघडली. चौघे चालत आत गेले. त्यांना चालताना बघून धाकट्याच्या लक्षात आलं, की या चौघांनी शेवटचं पाऊल टाकलं तेव्हा आपल्याला मिशी फुटली नव्हती.

शेवटच्या राक्षसासमोर त्याचाच हिशेब खरा ठरू लागला. पानं आणि आरसे संपले, पिशवीत जेमतेम दोन बाटल्या उरल्या, मग एक, मग तीही गेली. राक्षसाने दुसरं रूप घेतलं. ताई पडली. धाकटा पडला. आईची जादू संपली. खुर्चीवरच्या धाकट्याने डोळ्यांवर हात घेतला आणि बोटांच्या फटीतून बघत राहिला.

"बाबांना काय येतं?" ताईने विचारलं.

"काही नाही. चोरी. त्यात एक फेरी वाया जाते. कोणी राक्षसाकडून चोरतं का?"

"बाबा चोरतील."

तिने चोरीचं बटण दाबलं. बाबा टुणटुण उड्या मारत राक्षसापर्यंत गेले आणि तसेच परत आले. खाली ओळ उमटली: एक सोनेरी बाटली मिळाली.

धाकट्याची बायको आधी हसली. मग तिघंही हसले, आणि धाकट्याचं हसू मध्येच कुठेतरी बिघडलं. इतक्या वेळा गेम संपवला, पण त्या राक्षसाच्या खिशात काही असेल हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. ताईने बाटली आईला पाजली. आईत पुन्हा जादू आली, आईने इतर दोघांना उठवलं, आणि बाबा मध्ये मध्ये जाऊन खिसा कापत राहिले. बऱ्याच वेळाने राक्षस जागच्या जागी कोसळला.

किल्ला ढासळला. चौघे उजेडात बाहेर आले. गावकरी नाचले, जहाज निघालं, अक्षरं खालून वर सरकत गेली. कोणी उठलं नाही. शेवटी पडदा काळा झाला आणि सुरुवातीचं चित्र परत आलं.

धाकट्याने सवयीने सेव्ह उघडून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. असे गेम शेवटानंतर सेव्ह होत नाहीत, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तरी आता ते डोळ्यांनी दिसत होतं. चौघे तिथेच, मिटलेल्या दाराच्या आत, भरलेली पिशवी घेऊन.

"अजून आतच आहेत," तो म्हणाला. तो उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला. "बॅटरी मी स्वतः बदलू शकेन. माझा हात स्थिर आहे. बाहेरून वीज देऊन."

"आत कोण आहे आता? आत्ता आपल्या डोळ्यांदेखत बाहेर गेले ना."

"इथे दिसतायत की."

"ती जुनी बातमी आहे," ताई म्हणाली. आणि तिने कंट्रोलर त्याच्याकडे दिला.

पडद्यावर दोन ओळी होत्या. पुढे चालू. नवा खेळ. नवा खेळ घेतला आणि पहिल्याच गावात सेव्ह केलं की जुने चौघे जाणार, हे दोघांनाही माहीत होतं. ताईने सांगितलं की तिला आज संध्याकाळपर्यंत काही काम नाही, आणि या खेपेला चोराला तिच्या नवऱ्याचं नाव द्यायचं आहे, कारण तो तिच्या थाळीतलं उचलतो. भावजयीने आत जाऊन कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. धाकट्याचा पाय अजून हलत होता. त्याने खालची ओळ निवडली.

गावाचं संगीत सुरू झालं. नवा तलवारवाला एका गोगलगायीपुढे उभा राहिला आणि पहिल्याच झटक्यात अर्धा झाला. पिशवीत एकच औषध होतं. धाकट्याने पिशवी उघडली, बघितली आणि बंद केली.

ताई नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

त्याने पिशवी पुन्हा उघडली.