भांड्यातलं जस्त

शिसेकाकांचे दोन संसार होते. एक काकूंशी आणि दुसरा मागच्या शेडमधल्या शिसं वितळवायच्या भांड्याशी. त्यातला जास्त सुखाचा कुठला, हे काकू कुणीही न विचारता सांगत. "माझी सवत आहे ती," त्या म्हणत. "मला चहा गार मिळतो, तिला मात्र वेळेवर तापवतात."

काका मूळचे ओतारी. सगळी नोकरी कारखान्यात वितळलेल्या धातूसमोर उभं राहून झाली. निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसेनात, म्हणून ते घरीच मासेमारीचे जिग ओतायला लागले. जिग म्हणजे शिशाची लांबट मासोळी, पोटात गळ बसवलेली. ती खोल पाण्यात सोडून दोरीला झटके दिले की मोठा मासा तिला जिवंत समजतो आणि फसतो. धक्क्यावर गळ टाकून बसणारे सगळे हौशी लोक काकांकडूनच जिग नेत. काकांची मासोळी सरळ बुडते, वेडीवाकडी फिरत नाही, असं ते म्हणत. काका ऐकू न आल्यासारखं करून त्यांना ते पुन्हा म्हणायला लावत.

भांडं विजेवर तापणारं, लोखंडी, पाच-सहा लोटे पाणी मावेल एवढं. खाली तोटी, वर दांडी, बाजूला आच कमी-जास्त करायचा डायल. दांडी उचलली की तोटीतून शिसं साच्यात उतरे. काका त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपत. काम संपलं की तळाशी दोन बोटं शिसं राहू देत, कारण रिकामं भांडं आतून गंजतं. तोटीत तार फिरवत, दांडीचं टोक घासून पुन्हा नीट बसवत, नाहीतर तोटी ठिबकते. शिसं वितळलं की मेणबत्तीचा तुकडा टाकून ढवळत आणि वर आलेला मळ पळीनं काढत. पळी, साचा, हातमोजे, सगळं ठणठणीत कोरडं हवं. वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा थेंब गेला तर ते उसळून अंगावर येतं.

आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे भांड्यात जस्त जाऊ द्यायचं नाही. शिसं यायचं गॅरेजमधून. गाड्यांच्या चाकांना लावतात ती जुनी वजनं गॅरेजवाला पोत्यात भरून ठेवायचा. त्यात काही जस्ताची असत, दिसायला सख्खी भावंडं. काका एकेक वजन पकडीत दाबून बघत. शिशात पकड रुतते, जस्तावरून घसरते. जस्ताची वजनं वेगळ्या पत्र्याच्या डब्यात जात. "यातले चार तुकडे भांड्यात गेले ना, की भांडं कामातून गेलं, मग कितीही खरवडा," हे वाक्य काकूंनी नवऱ्याच्या तोंडून स्वतःच्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकलं होतं.

काकू त्या शेडमध्ये केर काढायलाही जात नसत. घरातला फ्यूज उडाला तरी "मला बाई त्यातलं काही कळत नाही" म्हणून अंधारात बसून राहत. खरं तर त्यांना पुष्कळ कळे. पण काकांना समजावून सांगायला आवडे, आणि काकांना आवडतं म्हणून काकूंना न कळणं आवडे. इतक्या वर्षांत हे सोंग इतकं अंगात मुरलं होतं की ते सोंग आहे हे त्यांनाही आठवत नसे.

मग काकांचं लक्ष सुटायला लागलं. आधी बारीकसारीक गोष्टी. चष्मा डोळ्यांवर आणि शोध घरभर. यावर दोघंही हसली. पण एके सकाळी शेडमधून फटाक्यासारखा आवाज आला. काकू धावत गेल्या, तर काका भिंतीला पाठ लावून उभे, आणि भिंतीवर, छताला, टोपीवर शिशाचे चकचकीत शिंतोडे. भुवईच्या वर एक लाल डाग. "साचा दमट होता," काका म्हणाले. साचा दमट नव्हता. धुतलेली पळी पुसायची राहिली होती, आणि ती अजून त्यांच्या हातातच होती.

त्यानंतर एकदा भांडं चालू ठेवून ते आत येऊन झोपले. काकूंना वास आला म्हणून त्या गेल्या, तर भांड्याचं बूड लालसर दिसत होतं. त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि भांडं निवेपर्यंत तिथेच थांबल्या. काका उठल्यावर म्हणाले, "आज काही भांडं लावलं नाही बुवा, कंटाळा आला." काकू एवढंच म्हणाल्या, "बरं केलंत."

लेकीला फोनवर त्यांनी अर्धंच सांगितलं, तरी ती कडाडली. "आई, ते भांडं भंगारात दे. नाहीतर मी येऊन देते. एक दिवस घर पेटवून बसतील बाबा!"

"अगं, मग दिवसभर करतील काय?"

"माझ्याकडे या दोघं. खोली रिकामीच आहे."

"तुझ्याकडे येऊन काय करतील? तुझ्या नवऱ्याला हातोडी कशी धरायची ते शिकवतील. तुमचाच संसार मोडेल." काकूंनी विषय हसण्यावारी नेला. फोन ठेवला. नवरा भाजून मरेल ही भीती खरी होती. पण 'आता तुम्हाला जमत नाही' हे त्या माणसाला तोंडावर कसं सांगायचं? ज्याला दुसरं काहीच येत नाही, त्याला?

विचार करून करून त्यांना एकच वाट दिसली. भांड्यानं आपल्या मरणानं मरावं. नवं मिळणार नव्हतं, ते बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. काका दोन-चार दिवस आकांडतांडव करतील, पण ते सगळं गॅरेजवाल्याच्या नावानं. काकांचा स्वभाव त्यांना तोंडपाठ होता. चहा पांचट झाला तर दूधवाला चोर, चष्मा हरवला तर चष्मेवाला गाढव. भांडं बिघडलं तर गॅरेजवाल्यानं फसवलं, एवढं बोलून मोकळे होतील. मग घड्याळजींकडे पत्ते खेळायला जातील.

घड्याळजी म्हणजे कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणारे, काकांचे धक्क्यावरचे जुने दोस्त. एका दुपारी काका त्यांच्या दुकानात गेले, आणि काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा त्या भांड्याला हात लावला. काकांचा मास्क लावला, हातमोजे घातले. पत्र्याच्या डब्यातली मूठभर वजनं आणून पकडीत दाबून बघितली. पकड घसरली. ती त्यांनी तळाच्या दोन बोटं शिशावर ठेवली, बटण दाबलं आणि डायल पार शेवटापर्यंत फिरवला. कमी आचेवर जस्त विरघळत नाही, नुसतं तरंगतं आणि पळीनं निघून येतं, हेही काकांनीच कधीतरी सांगितलेलं. वजनं दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी ढवळलं, बटण बंद केलं, डायल होता तिथे आणला. काका घरी आले तेव्हा त्या भाजी चिरत होत्या. किती सहज जमलं, याचंच त्यांना वाईट वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी निवडलेलं शिसं भांड्यात घातलं, मेण टाकलं, मळ काढला. मळ आज जरा जास्तच निघाला. साच्यात गळ ठेवून त्यांनी दांडी उचलली. शिसं धारेनं पडेना, घट्ट खळीसारखं गोळ्यागोळ्यांनी येऊ लागलं. साचा उघडला तर मासोळीला शेपूटच नव्हतं. दुसरीचं पोट अर्धवट, गळ बाहेर लोंबणारा. तिसरीच्या वेळी तोटी बंदच पडली.

काकू दारात कपडे वाळत घालण्याचं निमित्त करून उभ्या होत्या. आता सुरू होईल गॅरेजवाल्याचा उद्धार, म्हणून त्या कान देऊन होत्या.

"जस्त," काका म्हणाले. एवढंच. मग त्यांनी निवडून ठेवलेल्या शिशाची पेटी ओढली, जमिनीवर बसले आणि एकेक वजन पुन्हा पकडीत दाबून बघायला लागले. सगळीच्या सगळी. सगळं शिसं निघालं. तरी ते बसूनच राहिले.

"त्या मेल्या गॅरेजवाल्यानं फसवलं असेल," काकूंनी आयता शब्द पुढे केला.

"त्याचा काय संबंध? तो सगळं सरमिसळच देतो. निवडायचं काम माझं." काकांनी स्वतःचे तळहात उलटसुलट करून पाहिले. "माझ्याच हातातून गेलं."

नवऱ्याचा स्वभाव काकूंना पाठ होता, पण तो घरातला. कामात हा माणूस दुसऱ्याला कधीच बोल लावत नसे, हे त्यांना कळायला हवं होतं. कळलं नव्हतं, कारण काका काम करत असताना त्या कधी शेडमध्ये थांबल्याच नव्हत्या.

भांडं सुटलं, पण नुसतं भांडं नाही. काकांनी स्वतःवरचाच विश्वास काढून घेतला. दाढी करताना हात थांबे. "कापेल, राहू दे," म्हणून वस्तरा खाली ठेवत. गॅस बंद आहे ना, हे काकूंना विचारत. गोळी घेतली का, हे विचारत, आणि घेतली म्हटलं की मान डोलावत. रस्ता ओलांडायला नको म्हणून घड्याळजींकडे जाणं बंद झालं. घड्याळजीच एकदा आले. "काका, दोन जिग तरी द्या, बाजारातल्याला मासा हुंगत नाही," म्हणाले. काका आतल्या खोलीत निघून गेले. "वहिनी, झालं काय यांना?" असं घड्याळजींनी हळूच विचारलं, तेव्हा काकू चहा टाकायला उठल्या. लेक फोनवर म्हणाली, "बरं झालं बाई, आपोआप सुटलं." आपोआप हा शब्द काकूंना चपराकीसारखा लागला.

काका स्वतःच्या हातानं कपात चहा ओतेनात, त्या दिवशी काकूंचा धीर संपला. किटली त्यांच्यापुढे होती, आणि ते लहान मुलासारखे तिच्याकडे बघत बसले होते.

"मी केलं ते," काकू म्हणाल्या. "जस्त मी घातलं."

काकांनी वर पाहिलं.

"तुम्ही घड्याळजींकडे गेला होतात. तुमच्या डब्यातलं घेतलं, मूठभर. पकडीनं तपासून घेतलं. बटण दाबलं, डायल पार शेवटापर्यंत नेला. विरघळेस्तोवर ढवळलं. परत डायल जागेवर आणला. तुमचं काही चुकलं नाही हो. तुमची निवड बरोबर होती. मला भीती वाटत होती, म्हणून केलं मी." बोलता बोलता त्यांना रडू फुटलं.

काका ऐकत होते. मग त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांत न दिसलेलं हसू आलं, आणि ते बघून क्षणभर काकूंना वाटलं, सुटलो.

"अगं," त्यांनी काकूंचा हात हातात घेतला. "तुला साधा फ्यूज घालता येत नाही."

"येतो! सगळं येतं मला. नाही येत असं दाखवायचे."

"बरं बरं."

"चला शेडमध्ये. आत्ता दाखवते. डबा बघा तुमचा, उतरलाय तो."

"बघितलाय मी." काका शांतपणे म्हणाले. "त्याच दिवशी बघितला. त्या डब्यातलंच मी शिसं समजून भांड्यात टाकलं असणार, आचही चढवून ठेवली असणार. आणखी कोण टाकणार?" त्यांनी काकूंच्या हातावर थोपटलं. "किती घोकून आलीस गं. डायलसुद्धा विसरली नाहीस. इतकी वर्षं माझी बडबड ऐकत होतीस म्हणायचं."

"देवाशप्पथ सांगते!"

"पळी ओली होती त्या दिवशी, ते तू पाहिलंस. बोलली नाहीस. भांडं चालू ठेवून झोपलो, ते बंद कुणी केलं? मला मागाहून आठवलं. तेव्हाही तू बोलली नाहीस." काकांचा आवाज अगदी मऊ होता. "माझं मन राखायला तू काहीही बोलशील, हे मला माहीत नाही का?"

काकूंनी जे जे सांगावं ते प्रेमाच्या खात्यात जमा होत होतं.

"लेकीला फोन कर," काका म्हणाले. "म्हणावं, येतो आम्ही." मग त्यांनी किटली काकूंकडे सरकवली. "एक मात्र ऐक माझं. आता माझ्या डोक्याचा मला भरवसा नाही, हाताचा नाही. गॅस, गोळ्या, दिवस कुठला, सगळं तुलाच विचारणार. तेव्हा निदान तू तरी मला खोटं सांगू नकोस. आजचं हे शेवटचं."

काका वाट बघत होते.

"नाही सांगणार," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी त्यांच्या कपात चहा ओतला.