हत्यारांची यादी

अभयला स्वतःची सही जमेनाशी झाली, तेव्हा बँकेनं त्याच्या खात्यातले पैसे देणं थांबवलं. सुरुवातीला बायकोनं, रूपानं, घरी वहीवर सराव करून घेतला. जिल्हा परिषदेच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवताना तिनं पहिलीच्या किती मुलांचे हात धरून अक्षरं गिरवून घेतली होती. पण अभयचा हात धरला की तो संकोचून जायचा. परक्या बाईनं हात धरावा तसा अंग चोरायचा आणि पेन खाली ठेवून द्यायचा.

आजाराची सुरुवात त्रेपन्नाव्या वर्षी झाली. वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये तो बावीस वर्षं होता. नंतर नोकरी सोडून उस्मानपुऱ्यातल्या घरामागं त्यानं पत्र्याची शेड घातली, लोखंड कातायची जुनी लेथ घेतली आणि स्वतःचं काम सुरू केलं. एकदा वाळूजला माल पोचवून परत येताना नगर नाक्याला गाडी लावून दोन तास नुसता बसून राहिला. रूपानं विचारलं तर म्हणाला, "कुठं वळायचं ते आठवंना." डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, मोठं नाव असलेला आजार सांगितला आणि हा उलटा फिरत नाही, हेही सांगितलं.

वकिलांचं ऑफिस खंडपीठाजवळ होतं. त्यांनी रूपाचं सगळं ऐकून घेतलं.

"घर त्यांच्या नावावर, ठेवी त्यांच्या नावावर. ते हयात असताना त्यांच्या जागी तुम्हाला सही करता येत नाही, ताई. कोर्टात अर्ज करावा लागेल. त्यांचे पालक म्हणून तुमची नेमणूक होईल."

"पालक? मी त्यांची?"

"कागदावर तसंच म्हणतात. त्यासाठी त्यांच्या मालकीचं जे जे आहे त्याची यादी द्यायची. किंमत सरकारमान्य मूल्यांकनकाराकडून लावून घ्यायची."

"घर, ठेवी, मोटारसायकल. एवढंच आहे."

"आणि ती शेड?"

रूपा म्हणाली, "हत्यारं आहेत. मशीन आहे."

"मग तीही लिहायची."

शेडला तिनं दीड वर्षापूर्वी कुलूप घातलं होतं. त्या दिवशी ती शाळेतून आली तेव्हा अभय अंगणात खुर्चीवर बसला होता आणि शेडमध्ये लेथ चालू होती. "आत कुणी तरी काम करतंय," तो तिला हळूच म्हणाला होता, "आवाज करू नको." तिनं मेन स्विच बंद केला, फ्यूज काढून घेतला आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. पुढं तीन महिन्यांनी मुदतीआधीच सेवानिवृत्ती घेतली.

मूल्यांकनासाठी तनुजा शेळके नावाच्या बाई मंगळवारी सकाळी दहाला आल्या. चाळिशीच्या, मेकॅनिकल इंजिनिअर. त्यासुद्धा पूर्वी वाळूजला नोकरीला होत्या. खांद्याला बॅग, हातात एक जाड वही. त्यांनी आधी घर पाहिलं, कागद पाहिले, गाडीचा नंबर लिहून घेतला. अभय अंगणात बसला होता. शर्टाचं एक बटण चुकलेलं होतं. तनुजानं त्याला नमस्कार केला. त्यानंही हात जोडले आणि पुन्हा समोरच्या भिंतीकडं पाहत राहिला.

"काका बोलतात का?"

"एखाद-दुसरा शब्द. पूर्ण वाक्य ऐकून पाच-सहा महिने झाले," रूपा म्हणाली.

कुलूप गंजलं होतं, तेल सोडून उघडावं लागलं. आत मात्र सगळं जागच्या जागी होतं. लेथवर ताडपत्री, भिंतीला लोखंडी कपाट, खिडकीखाली लांब टेबल. ग्रीसचा वास तिच्या नाकात गेला आणि रूपा क्षणभर दारातच थांबली. हा वास बावीस वर्षं कारखान्यातून आणि पुढं या शेडमधून तिच्या घरात येत होता. तिनं त्याचे कपडे वेगळे भिजवले होते, साबण बदलून पाहिले होते, कुरकुर केली होती. आता घरातून तो वास कधी गेला, हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

तनुजा कामाला लागली. लेथची पाटी पुसून नंबर लिहिला, फोटो काढले. मग कपाटातले खण एकेक उघडून ती वस्तू टेबलावर मांडू लागली. प्रत्येक हत्यार तेलात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळलेलं. प्रत्येकाला लाकडी डबी, अभयनं स्वतः केलेली, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला खरेदीचं साल. त्याचे वडील कडुबा फुलंब्रीकडच्या गावात विहिरी खोदायच्या कामावर जायचे. पहार आणि टिकाव दोन्ही मालकाचे. अभय आयटीआय करून नोकरीला लागला तेव्हा कडुबानं त्याला एकच सांगितलं होतं, हत्यार आपल्या मालकीचं पाहिजे. म्हणून दर वर्षी बोनस मिळाला की तो एक हत्यार विकत घ्यायचा. रूपाच्या एका साडीपेक्षा ते नेहमीच महाग असायचं. त्यावरूनही त्यांची भांडणं झाली होती.

खणाच्या आवाजानं असेल, अभय उठून शेडपाशी आला. दाराबाहेर त्यानं चपला काढल्या. आत येताना तो कधी चपला काढत नसे, लोखंडाचा कीस पायात जायचा. टेबलावर मांडलेली हत्यारं, वहीत लिहिणारी अनोळखी बाई आणि स्टुलावर बसलेली रूपा, असं सगळं त्यानं नीट पाहिलं. मग आवाज खाली आणून विचारलं,

"कोण गेलं?"

तनुजाचं पेन थांबलं. तिनं रूपाकडं पाहिलं.

"कुणी नाही गेलं. तुम्ही बसा बाहेर," रूपा म्हणाली.

"नाय," तो म्हणाला. "हत्यारं आशी भाईर काढलीत म्हंजी मालक गेला आसंल."

आजारात त्याची शहरातली भाषा आधी गळाली होती. आता जे काही बोलायचा ते आईसारखं, भामाबाईसारखं, गावाकडचं. पण एवढं सलग तो कितीतरी दिवसांनी बोलत होता. रूपा उठून त्याला बाहेर न्यायला निघाली, तेवढ्यात त्यानं टेबलावरचा मायक्रोमीटर उचलला. डाव्या तळहातावर आडवा ठेवला, खिशातला रुमाल काढून त्याची दोन्ही तोंडं पुसली, अंगठ्यानं हलकेच फिरवून मिटवला आणि उजेडाकडं धरून पाहिलं. याच हातांना सकाळी बटण जमलं नव्हतं.

"झिरो सरकलेला नाय," तो तनुजाला म्हणाला. "जुना हाय, पर लिहा चांगला म्हणून."

तनुजानं लिहिलं. मग जरा थांबून विचारलं, "आणि हा डायल, काका?"

"ह्याचा काटा अडकतो. तेल जास्त पाजलंय. धुतला तर चालंल. आर्धी किंमत धरा."

रूपा पुन्हा स्टुलावर बसली. तासभर ती दोघं एकेक वस्तू बघत होती. तनुजा आता खरंच त्याला विचारून लिहीत होती. तो काही सांगायचा, काही नुसतं मान हलवून बाजूला ठेवायचा. मध्येच एखादा शब्द सापडला नाही तर बोटांनी दाखवायचा. रूपाला वाटलं, हाक मारावी. या तासात तो इथं आहे तर आपल्याकडंही बघेल. पण बोललं तर हे मोडेल, अशी भीतीही वाटत होती.

खालच्या खणात जुन्या रुमालात बांधलेले लोखंडाचे दोन ठोकळे निघाले. इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडलेले, कानशीनं घासून गुळगुळीत केलेले. ते त्यानं आयटीआयच्या दुसऱ्या वर्षी हातानं केले होते. रूपाला बघायला आला तेव्हा हेच रुमालात बांधून आणले होते. तिच्या वडिलांनी काय काम येतं विचारल्यावर त्यानं काही न बोलता गाठ सोडून दोन्ही ठोकळे चहाच्या ट्रेशेजारी ठेवले होते. सगळे हसले होते. रूपा हसली नव्हती. तिला त्या दिवशी त्याचे हात आवडले होते.

अभयनं एक ठोकळा उचलून कडेवरून नख फिरवलं.

"ह्याला बाजार नाय. शिकाऊ पोरानं केलेलं हाय. हितं कोपरा मारलाय बघा."

"मग काय लिहू?"

"भंगाराच्या भावानं धरा."

"ते नका लिहू," रूपा पटकन म्हणाली. तिचा आवाज चढला होता.

तनुजा तिच्याकडं वळली. "लिहावं तर लागेल, ताई. पण बाजारमूल्य नाही, एवढंच लिहिते."

अभयनं ठोकळा खाली ठेवला. त्यानं रूपाकडं पहिल्यांदाच नीट पाहिलं. ती डोळे पुसत होती. तो दुसरं स्टूल ओढून तिच्यासमोर बसला, पण जरा अंतर ठेवून, दुखवट्याच्या घरी परका माणूस बसतो तसा.

"बाई, तुमचे मालक व्हते का?"

नाही म्हणणं सोपं होतं. तुम्हीच ते, असं सांगणंही तिनं गेल्या चार वर्षांत शेकडो वेळा करून पाहिलं होतं. त्यानं तो घाबरायचा, कधी चिडायचा.

"व्हय," ती म्हणाली.

"माणूस नीट व्हता. पुसल्याबिगर येक वस्तू ठिवली नाय." तो थोडा वेळ टेबलाकडं पाहत राहिला. "कशानं गेले?"

"आजारानं. हळूहळू."

"लई दिस काढले?"

"चार वर्षं."

"तुमीच केलं का समदं त्यांचं?"

"केलं. जमेल तसं."

"तुमी चिडला का कवा?"

तिनं मान खाली घातली. "चिडले मी. एकदा हातही उचलला."

गेल्या दिवाळीत त्यानं तिसऱ्यांदा कपडे ओले केले होते आणि ती त्याच्या पाठीत मारून बसली होती. हे तिनं पुण्यातल्या मुलीला, मोनालीलाही सांगितलं नव्हतं. अभय म्हणाला,

"थकलं म्हंजी व्हतं. त्यांनी मनाला लावून घेतलं नसंल."

तनुजा वही मिटून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली होती.

"जाताना काय बोलले का?" त्यानं विचारलं.

"नाही. बोलायचं राहूनच गेलं."

"राहतं." तो म्हणाला. "माजं बी राहिलंय. बायकोला बोलायचं."

रूपा पुढं वाकली. "काय बोलायचं राहिलंय?"

त्यानं विचार केला. कपाळावर आठी आली, ओठ हलले, उजव्या हाताची बोटं हवेत काही तरी धरायला गेल्यासारखी पुढं आली. रूपा वाट पाहत राहिली. बाहेर भाजीवाला हाळी देत गल्लीतून गेला. अभयची नजर तिच्या चेहऱ्यावरून घसरून दाराकडं गेली, तिथून अंगणाकडं, आणि बोटं मांडीवर पडली.

"चहा," तो म्हणाला.

"आणते," रूपा म्हणाली आणि उठली.

चहा येईपर्यंत तो पुन्हा अंगणातल्या खुर्चीवर जाऊन बसला होता. तनुजानं उरलेल्या वस्तू एकटीनं लिहिल्या. निघताना ती बरंच काही बोलायला गेली, पण "चार दिवसांत अहवाल पाठवते" एवढंच म्हणाली.

रात्री जेवणानंतर मोनालीचा फोन आला. झालं का सगळं, बाबांनी त्रास दिला का, तिनं विचारलं.

"नाही. उलट आज बोलले बरंच."

"खरंच? काय बोलले?"

"हत्यारांबद्दल," रूपा म्हणाली. बाकीचं तिला सांगता आलं नाही. सांगितलं असतं तर मोनाली रडली असती आणि मग तिची समजूत काढावी लागली असती. तेवढी ताकद त्या रात्री रूपात नव्हती.

अहवालावर कोर्टात कुणीच हरकत घेतली नाही. पावसाळा संपता संपता आदेश आला आणि रूपा अभयची पालक झाली. ठेवी मोडता आल्या, दिवसभरासाठी एक बाई ठेवता आली, औषधांची ओढाताण थांबली. लेथ विकायची वेळ आली नाही. त्या मंगळवारसारखं काही पुन्हा होईल म्हणून ती त्याला अधूनमधून शेडमध्ये न्यायची, त्याच्या हातात मायक्रोमीटर द्यायची. तो धरायचा, पण काय करायचं हे हातांनाही आठवेना. पुढं चालणं बंद झालं, मग गिळणं. जानेवारीत छातीत कफ झाला आणि चौथ्या दिवशी पहाटे तो गेला. रूपा आणि मोनाली दोघी जवळ होत्या. त्यानं कुणालाही ओळखलं नाही.

अभयसाठीच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. वाळूजचे जुने सोबती आले होते, फुलंब्रीकडचे भाऊबंद आले होते. तनुजाही आली. बुद्धवंदना झाल्यावर ती रूपाच्या शेजारी येऊन बसली.

"त्या दिवशी मी मध्ये पडायला हवं होतं, ताई. त्यांना थांबवायला हवं होतं. मला नंतर फार वाईट वाटत राहिलं."

रूपानं नकारार्थी मान हलवली. "ते गेल्यापासून कितीतरी लोक येऊन गेले. सगळे म्हणतात, तुम्ही खूप केलं. मी मारलं होतं, हे त्यांतल्या एकालाही माहीत नाही. ते फक्त त्यांना सांगितलं. आणि ते म्हणाले, मनाला लावून घेतलं नसेल."

"हो. ऐकलं मी."

"त्यांना माहीत नव्हतं ते कुणाबद्दल बोलतायत."

तनुजानं तिच्या हातावर हात ठेवला. आतून मोनाली विचारत आली की गावाकडची माणसं जायला निघालीत, त्यांची पानं आधी वाढायची का. "वाढ," रूपा म्हणाली आणि पदर खोचून तीही आत गेली.