टबात भिजवलेला काउबॉय

ऑर्विलइतका संशयी डीजे न्यूयॉर्कच्या अख्ख्या ब्रॉन्क्समध्ये सापडला नसता. गाण्याची तबकडी घरात आली रे आली, की आधी न्हाणीच्या टबात. मधला नाव छापलेला कागद भिजवायचा आणि नखानं खरवडून काढायचा. गाणं कुणाचं, हे दुसऱ्या डीजेला कळायलाच नको! तसे सगळेच हा चोरटेपणा करत, पण ऑर्विल म्हणजे कहर. या खेपेला तर गड्यानं स्वतःही नाव वाचलं नव्हतं.

गाणं होतं एका काउबॉयचं. एकसारख्या दोन तबकड्या होत्या. आधी ड्रम असा काही घुमायचा की बस्स, आणि मग तो काउबॉय गळ्यातल्या गळ्यात कोलांट्या मारत ओरडायचा, ‘योडलेई-ही!’ एका तबकडीवरचा ड्रम संपला की लगेच दुसरीवरचा सुरू करायचा, तोवर पहिली मागे फिरवून ठेवायची आणि वर दोस्त नेस्टरनं रॅप करायचं, असा बेत होता. शनिवारी बागेत रूफस नावाच्या दुसऱ्या डीजेशी सामना. जिंकेल त्याची बाग, उन्हाळाभर. हरेल त्यानं स्पीकर उचलून चालू पडायचं.

शुक्रवारी सकाळी ऑर्विल स्वयंपाकघरात आला आणि मटकन खालीच बसला. वर्निसमावशीनं मक्याच्या पावाचा तापलेला लोखंडी तवा दोनांतल्या एका तबकडीवर ठेवला होता. तबकडीचा पार द्रोण झाला होता.

“मावशी! अगं, काय केलंस हे!”

“ओरडू नकोस. कागद नाही, नाव नाही. मला वाटलं टाकाऊ आहे. टेबल जाळू का माझं?”

आता बोला! कागद कुणी खरवडला होता?

“दुसरी आणू की विकत,” ओरडा ऐकून आलेला नेस्टर म्हणाला.

“काय नाव सांगून?”

नेस्टरला आधी कळेना. कळलं तेव्हा तो इतका हसला, की त्याला भिंत धरावी लागली.

नाव नाही तर नाही, गाऊन दाखवू, म्हणून दोघं निघाले. तबकड्यांच्या दुकानात ऑर्विलनं लाजत लाजत ‘योडलेई-ही’ केलं. दुकानदारानं पुन्हा म्हणायला लावलं. मग बायकोला आतून बोलावून घेतलं.

“ओळखलंत?” ऑर्विलनं आशेनं विचारलं.

“छे हो! पण हिनं ऐकायलाच हवं होतं.”

मग दुसरं दुकान, न्हाव्याचं दुकान, कलिंगडवाला, बसची वाट बघणाऱ्या बायका. ज्याला त्याला गाऊन दाखवलं. तबकडी कुणाकडेच नव्हती, पण संध्याकाळी गल्लीतल्या खिडक्याखिडक्यांतून ‘योडलेई-ही’ ऐकू यायला लागलं. एवढं जपलेलं गाणं, आणि आता कपडे वाळत घालता घालता लोक ते ओरडत होते! ऑर्विलला रडूच फुटायचं बाकी होतं.

शनिवारी भर दुपारी विजेच्या खांबातून वायरी ओढल्या गेल्या. रूफस आधी वाजवायला उभा राहिला आणि त्यानं बाग नाचवली, खोटं कशाला बोला. मग घाम पुसत तो माइकवर म्हणाला, “काय रे ऑर्विल, गाय हरवली का तुझी? काल दिवसभर हाका मारत होतास म्हणे!”

बाग खदाखदा हसली. ऑर्विलनं उरलेल्या एकुलत्या एक तबकडीवर सुई ठेवली. ड्रम घुमला. पाय हलायला लागले. आणि ड्रम संपला. आता? त्यानं सुई उचलली, ड्रम सुरू होतो ती जागा शोधू लागला. सगळीकडे शांतता. गेली बाग, संपलं सगळं, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात घडीच्या खुर्चीतून वर्निसमावशी ठणठणीत आवाजात ओरडली, “योडलेई-ही!”

मग काय विचारता! न्हावी ओरडला, कलिंगडवाला ओरडला, बसवाल्या बायका ओरडल्या. अख्खी बाग टाळ्या पिटत काउबॉय झाली. ऑर्विलला जागा सापडली, सुई टेकली, ड्रम परत घुमला, आणि नेस्टर असा सुटला की थांबेचना. सुई उचलली की बाग गायची, बाग थांबली की ड्रम घुमायचा. दुसरी तबकडी हवी होती कुणाला! ऑर्विल वेड्यासारखा हसत होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं.

शेवटी रूफस जवळ आला आणि तबकडीवर वाकून बघू लागला. काळी नि कोरी.

“नाव सांग.”

“आईशप्पथ, मलाच माहीत नाही.”

“चल, थापाड्या!” रूफसनं खांबातली आपली वायर उपटली आणि गुंडाळून खांद्यावर टाकली. “घे. बाग तुझी.”

स्पीकर गाडीवर चढवून तो ढकलत निघाला. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. पण कोपऱ्यावर पोचल्यावर, आता कुणाला ऐकू जाणार नाही अशा समजुतीनं त्यानं हळूच घसा साफ केला आणि तोही म्हणाला, “योडलेई-ही!”