चाकाखालचं लिंबू

दचकू नका, कोपऱ्यातली लाल गाडीच बोलतेय. जन्म अमेरिकेतला, इंजिन आठ सिलिंडरांचं, छप्पर उघडणारं. एकेकाळी माझा आवाज ऐकून लोक खिडकीत येत. आता मी सिंगापुरात, काकी बुकित भागातल्या, गॅरेजांच्या एका बहुमजली इमारतीत वरच्या मजल्यावरच्या गाळ्यात उभी असते. मालक मला सुरू करतात, कान देऊन ऐकतात आणि बंद करतात. कोणाला सांगू?

आधीच्या मालकाने मला लग्नांतल्या फोटोंसाठी मिरवलं आणि हौस फिटल्यावर ताडपत्रीखाली टाकलं. इथल्या दमट हवेने माझा पत्रा पार कुरतडला. तेव्हा रवींद्र आले, जहाजावरून निवृत्त झालेले चीफ इंजिनिअर. सोबत त्यांच्या पत्नी कुमुदताई. त्यांनी माझ्या फाटक्या सीटवरून हात फिरवला.

"अहो, हिचं छप्पर उघडून मला चांगीच्या समुद्रापर्यंत नेणार ना? जन्मभर तुम्ही समुद्रावर आणि मी बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये."

"नेणार म्हणजे काय! दसऱ्याला नेतो."

वाऱ्याने केस उडू नयेत म्हणून कुमुदताईंनी लगेच एक पिवळा स्कार्फ घेतला. कोणता दसरा, हे मात्र मालक बोलले नव्हते.

खोटं कशाला बोलू, या माणसाने मला जीवदान दिलं. गंज खरवडला, कुजलेला तळ कापून नवा पत्रा जोडला, इंजिन सुटं करून एकेक भाग बाळाला न्हाऊ घालावं तसा धुतला. सरकारी तपासणीत मी पास झाले. कागद हातात आले. मला वाटलं, चला, सुटले!

कसली सुटतेय. दुसऱ्याच दिवशी मालकांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक माझ्या इंजिनाला टेकवलं, मूठ स्वतःच्या कानाला लावली आणि म्हणाले, "बेअरिंगचा आवाज जरा वेगळा येतोय." झालं! मी पुन्हा उघडी. त्यानंतर गिअरबॉक्स. मग पुन्हा इंजिन, कारण ते बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं.

ही जहाजावरची सवय. तिथे चांगलं चालणारं यंत्रसुद्धा ठरल्या वेळी उघडून बघतात. "भर समुद्रात बंद पडलं तर कोण येणार?" हे मालकांचं ठरलेलं वाक्य. अहो, पण मी जहाज आहे का? मला चाकं आहेत, दिसत नाहीत? चिडून चिडून माझी बॅटरी उतरायची, तर तेही त्यांना दुरुस्तीचंच कारण व्हायचं.

दरवर्षी दसऱ्याला माझी पूजा मात्र साग्रसंगीत. टेक्का बाजारातून आणलेला झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. लिंबावरून गाडी गेली की पूजा पुरी होते. पण मी जागची हललेच नाही, तर लिंबू फुटणार कसं? ते तिथेच वाळायचं. मग कधीतरी कुमुदताई येऊन ते उचलून न्यायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

यंदाच्या दसऱ्याला आरती झाली. मालकांनी सवयीने पाना उचलला. "कुमुद, पाण्याचा पंप तेवढा एकदा उघडून बघतो, मग पुढच्या..."

कुमुदताई माझं दार उघडून आत बसल्या. स्कार्फ बांधला. त्याचा पिवळा रंग पार विटला होता.

"अहो, बंद पडली तर काय होईल?"

"रस्त्यात अडकू."

"मग उतरू आणि एमआरटीची मेट्रो पकडून घरी जाऊ. ही जमीन आहे हो. इथे कुणी बुडत नाही."

मागच्या सीटवरून त्यांची मुलगी किमया इथल्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "बाबा, जस्ट गो लाह!"

मालकांनी पाना खाली ठेवला आणि स्टिअरिंगमागे बसून किल्ली फिरवली. मी अशी गरजले की शेजारच्या गाळ्यातली माणसं बाहेर आली. चाकाखाली पच् झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा!

इमारतीच्या उतारावरून गोल गोल खाली आलो आणि चांगीला जाऊन समुद्र पाहिला. कुमुदताई आकाशाकडे तोंड करून बसल्या होत्या. मालक एकदाही इंजिनाबद्दल बोलले नाहीत.

परतताना पाया लेबारच्या सिग्नलला माझ्या बॉनेटमधून वाफ निघाली. पंपच गेला! मालकांचंच खरं ठरलं, याचा मला इतका राग आला की काय सांगू. त्यांचा चेहरा पडला. कुमुदताई मात्र पोट धरून हसल्या. मला ओढून न्यायला गाडी आल्यावर त्या स्कार्फ न सोडता, मालकांचा हात धरून एमआरटीच्या जिन्याकडे गेल्या.

आज सकाळी मालक हत्यारं घेऊन आले. मागोमाग कुमुदताईही आल्या. त्यांनी तो स्कार्फ माझ्या स्टिअरिंगला बांधला आणि बजावलं, "पंप उघडा. फक्त पंप."

मालकांनी मान डोलावली खरी, पण लांब स्क्रूड्रायव्हर खिशातच आहे. माझा काही भरवसा नाही त्यांच्यावर. म्हणून तुम्हाला विनवते, इकडे आलात तर त्यांना एवढं सांगा: मी पुन्हा बंद पडेन, चालेल. टायरच्या खाचेत लिंबाची साल अजून ओली आहे. ती वाळायच्या आत मला पुन्हा खाली न्या.